प्लगिनची एकादशी

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या कॉम्प्युटरने मला मराठीत दटावलं. मी कराडहून आलेली. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतलं आमचं ड्रॉइंग ऑफिस, सगळा कारभार तमिळमध्ये, आणि मला 'वणक्कम'च्या पुढे एक अक्षर येत नव्हतं. गाडीच्या सीटखाली बसणाऱ्या एका लोखंडी पट्टीचं ड्रॉइंग मी पुरं केलं, सेव्ह करायला गेले, तर पडद्यावर एक चौकट उघडली. तिच्यात इंग्रजी लिपीत लिहिलं होतं : या भोकास मोजमाप कोठे?

मी पुन्हा वाचलं. खरंच, एका भोकाचा व्यास लिहायचा राहिला होता.

शेजारच्या टेबलावर शण्मुगम बसायचा. सीनियर ड्राफ्ट्समन, ऑफिसातला मुरलेला माणूस. त्याला विचारलं तर त्याने मान वळवून पाहिलं आणि इंग्रजीत शांतपणे सांगितलं, "ते भोकास आहे. डायमेन्शन घाल, जाईल." सगळं ऑफिस त्याला भोकासच म्हणायचं. 'भोकास वन्दुडुच्चु', म्हणजे भोकास आलं, असं दिवसातून कितीदा तरी कोणीतरी कुरकुरायचं. परदेशी प्रोग्रॅममधल्या एखाद्या चुकीचं ते नाव असावं अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. मी म्हटलं, अहो ही माझी भाषा आहे. शण्मुगमने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि कोपऱ्याकडे बोट केलं. "मग सारना विचार. त्यांनीच केलंय."

सार म्हणजे सर. ऑफिसात सर पुष्कळ होते, पण सार म्हटलं की ते कोपऱ्यातलेच. उंच, वाळके, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळावर गंधाची बारीक रेघ. खिडकीच्या गजाला एक पिवळी कापडी पिशवी अडकवलेली, इकडे लग्नात नारळ घालून देतात तसली. मी मराठीत बोलल्याबरोबर ते उठून उभे राहिले.

"तूं आमच्या भाषेची गे? कोठली?"

त्यांचं मराठी ऐकून मला वाटलं कोणी जुनी बखर वाचतंय, आणि तीही तमिळ हेल काढून. ते तंजावरचे मराठी. मी विचारलं, तुम्ही इकडे कधी आलात? "आम्ही राजांबरोबर आलों," ते म्हणाले. "परत जाणे राहून गेले." हे त्यांनी असं सांगितलं, की जणू मधल्या सुट्टीत आले होते आणि गाडी चुकली.

त्यांच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, काम मात्र एकच, प्लगिन लिहिणं. आम्ही ज्यात ड्रॉइंग काढायचो तो अवाढव्य परदेशी प्रोग्रॅम. त्यात विमानापासून चमच्यापर्यंत काहीही काढता यायचं, पण आमच्या गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात कुठल्या मापाची ड्रिलं आहेत हे त्याला कुठून ठाऊक असणार? असे प्रोग्रॅम करणाऱ्यांनाही हे माहीत असतं. म्हणून ते आत जागोजाग सोय ठेवून देतात, की बाबांनो, तुम्हाला आणखी काही हवं असेल तर तुमचा छोटा प्रोग्रॅम इथे जोडा. जोडला की तो मोठ्याचाच भाग असल्यासारखा चालतो, काढला की मोठा पूर्वीसारखा. हा जोडायचा छोटा म्हणजे प्लगिन. मी हे कॉलेजात शिकले होते, तरी त्यांनी ते मला नव्याने शिकवलं, गजावरची पिशवी दाखवून.

"खुंटी त्यांची, पिशवी आपली," ते म्हणाले. "भिंतीस भोक पाडावयाचे नाही. आणि पिशवी काढिल्यावर तेथे काही होते म्हणून कोणास कळू नये. जागा दिसतां कामा नये."

हे शेवटचं वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की ते बोलायला लागले की मी मनात आधीच पुरं करायची.

त्यांच्या प्रत्येक प्लगिनला नातेवाइकाचं नाव होतं. भोकं तपासणारी ती आत्या. तिला प्रत्येकात खोट दिसायची आणि ती तोंडावर बोलून दाखवायची. गिऱ्हाइकाला हवी तशी फाइल करून देणारा तो जावई. तो सुरू व्हायला वेळ लावायचा, सगळी मेमरी खायचा, पण गिऱ्हाईक त्याच्यावर खूश असल्याने त्याला कोणी काही बोलू शकत नसे. आणि ड्रॉइंगमध्ये इकडेतिकडे पडलेल्या रेघा गुपचूप ज्याच्या त्याच्या जागी लावणारी ती सून. ती काय करते हे कोणाला दिसायचंही नाही. यावरून मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, सर, आवरायचं ते सुनेनेच का? दीर ठेवा नाव. त्यांनी ते खरोखर मनावर घेतलं, दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "दीर आवरीत नाही गे. खोटे नाव कसे ठेवूं?"

त्यांना रागावलेलं मी एकदाच पाहिलं. आमच्याकडे एक हुशार मुलगा आला होता. त्याने एक प्लगिन लिहिला, पण तो नुसता जोडला नाही, तर मोठ्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फाइली उघडून त्यात फेरफार केले. चालायचा झकास. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. यांनी एकट्यांनी तो कॉम्प्युटर पुसून मोठा प्रोग्रॅम पहिल्यापासून पुन्हा घातला, आणि त्या मुलाला तमिळमध्ये एवढंच म्हणाले, की पाहुणा म्हणून आलास आणि घराचं न्हाणीघर हलवलंस.

ते स्वतः तसेच राहायचे. संध्याकाळी त्यांचं टेबल पाहिलं तर इथे कोणी बसतं असं वाटू नये. ड्रॉवरची किल्ली त्यांनी कधी घेतली नाही. चहाचा कप घरून आणायचे आणि घरी न्यायचे. ऑफिसच्या सहलीच्या फोटोत ते नाहीत, कारण फोटो तेच काढायचे. मला हे आधी विनयाचं लक्षण वाटलं. नंतर लक्षात आलं की विनय वगैरे काही नाही, हा त्यांचा हट्ट आहे, आणि चांगलाच दांडगा हट्ट आहे.

पण त्यांची खरी ख्याती होती ती एकादशीसाठी.

दर एकादशीला ते सगळे प्लगिन बंद करायचे. आपण सकाळी येऊन कॉम्प्युटर लावावा तर उजव्या पट्टीतली बटणं गायब, आत्या नाही, जावई नाही, सून नाही. पट्टीवर इंग्रजी लिपीत फक्त एक ओळ : आज एकादशी. एवढं मराठी मात्र ऑफिसातल्या प्रत्येकाला समजायचं. त्या दिवशी सगळं हाताने. ड्रॉइंग छापायचं, लाल पेन्सिल घ्यायची, शेजाऱ्याला द्यायचं, त्याचं आपण तपासायचं. रेघा एकेक करून जागेवर लावायच्या. काम निम्म्याने व्हायचं आणि शिव्या दुप्पट. एकादशी रविवारी आली की शण्मुगम शनिवारीच खुशीत असायचा. आमचे जुने मॅनेजर त्या दिवशी बाहेरची कामं काढायचे, म्हणजे त्यांना काही पाहावं लागायचं नाही.

स्वतः ते मात्र उपास-बिपास करत नसत. डबा उघडून इडल्या खायचे, मिरचीची पूड तेलात कालवून. मी विचारलं तर म्हणाले, "उपास प्लगिनास. मजला कशास?"

"पण कशासाठी, सर? चांगलं चालतंय ते बंद कशाला करायचं?"

"चालते आहे म्हणून तर. अस्की त्यांवरच टाकिले तर हात विसरतील. मग ती पिशवी राहिली नाही, भिंत जाहली."

अस्की म्हणजे सगळं. तो त्यांचा लाडका शब्द. पहिल्या एकादशीला मला एक साधा भाग धड तपासता आला नव्हता, हे खरं. वर्षभरात मी आत्याच्या आधी भोक पकडायला लागले. तरीही मी शिव्या घालायचीच.

संध्याकाळी आम्ही अंबत्तूर स्टेशनपर्यंत बरोबर चालायचो. मी तिरुमुल्लैवॉयलला एका हॉस्टेलात राहायची, ते पुढे आवडी नावाच्या उपनगरात. आवडीचं घर त्यांच्या थोरल्या भावाने बांधलेलं. भाऊ संरक्षण खात्याच्या कारखान्यात होता, आता नाही. त्या घरात पुतण्या, त्याची बायको, त्यांची शाळकरी मुलगी, आणि वरच्या खोलीत हे. लग्न केलेलं नाही. का केलं नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले राहून गेलं. तंजावरहून परत जाणं राहून गेलं त्याच सुरात.

मग त्यांच्या निवृत्तीचा महिना जवळ आला. त्यांनी जन्मात कोणाकडे काही मागितलं नव्हतं, पण आता त्यांनी मागितलं : आणखी दोन वर्षं येऊ द्या. स्टेशनच्या वाटेवर मी विचारलं, सर, कशाला, आराम करा की.

"सकाळी पाणी भरितों, मुलीस शाळेत पोचवितों," ते म्हणाले. "पुढे त्या घरात माझे काम नाही. सून चांगली आहे, पुतण्या चांगला आहे. बस म्हणतील, टीव्ही पाहा म्हणतील. मी दिवसभर तेथे बसून काय गे करूं? आज दिवसा येथे येतों म्हणून तेथे जागा आहे, उद्या नुसताच बसलों तर ती अडते."

हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीचाच होता. एवढ्या मोठ्या माणसाला दिवसा बसायला एक टेबल हवं होतं, बाकी काही नाही.

जुने मॅनेजर तोवर गेले होते. नवे कोइम्बतूरचे, तरुण, नीटनेटके. माणूस वाईट नव्हता, हे आत्ताच सांगते, कारण पुढची गोष्ट ऐकून तसं वाटेल. त्यांनी सगळ्यांना बोलावून सरळ सांगितलं. मोठ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती येते आहे. तिच्यात जोडायच्या जागा बदलल्या आहेत, जुने प्लगिन बसणार नाहीत. एक तर सगळे नव्याने लिहायचे, नाही तर सोडून द्यायचे. "ऑफिस त्यांच्याशिवाय चालत नसेल तर सार राहतील आणि लिहितील," ते म्हणाले. "चालत असेल तर कशाला? गुरुवारी दिवसभर सगळे बंद ठेवू. पाहू."

आता यात अन्याय काय म्हणून सांगणार?

बुधवारी चहाच्या टपरीवर शण्मुगमने सगळ्यांना गोळा केलं. आयुष्यभर एकादशीला शिव्या घातलेला हा माणूस. म्हणाला, "उद्या कोणाला काही येत नाही. सेरिया?" सेरिया म्हणजे कळलं ना. खोटं बोलायचं नाही, काही बिघडवायचं नाही, फक्त हात बांधून बसायचं आणि विचारलं की म्हणायचं, प्लगिन इल्लै, म्हणजे प्लगिन नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही. सार तेव्हा पलीकडे आपल्या कपातला चहा पीत उभे होते, आणि आमच्याकडे पाठ करून ते रस्त्यावरच्या लॉऱ्या पाहत होते.

गुरुवारी एकादशी नव्हती. तरी पट्टी रिकामी. मॅनेजरांनी स्वतः बंद केलेली, त्यामुळे तिच्यावर ओळही नव्हती. त्या दिवशी सीटखालच्या पट्ट्यांची ड्रॉइंगं संध्याकाळपर्यंत गुम्मिडिपूंडीला जायची होती. आम्ही कॉम्प्युटर लावले आणि बसलो. कोणी नखं पाहत होतं, कोणी माउस पुसत होतं. मॅनेजर काचेच्या खोलीतून दोनदा डोकावले आणि आत गेले. दुपारपर्यंत एकसुद्धा ड्रॉइंग हललं नाही. मला आतून उकळ्या फुटत होत्या. सार कोपऱ्यात ताठ बसले होते, हात मांडीवर.

जेवणानंतर कारखान्यातून फोन आला. शण्मुगमने तो मुद्दाम स्पीकरवर घेतला. पलीकडून टूलरूमचा माणूस तमिळमध्ये विचारत होता, ड्रॉइंग कुठे आहे, मशीन रिकामं उभं आहे, माणसं बसून आहेत. शण्मुगमने काचेच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात उत्तर दिलं, "प्लगिन इल्लै. ड्रॉइंग इल्लै."

फोन ठेवला आणि सार उठले.

ते सरळ शण्मुगमच्या टेबलाशी आले, वाकून त्याच्या पडद्याकडे पाहिलं आणि एका भोकावर बोट ठेवलं. "याचं माप?"

"आज भोकास येत नाही, सार," शण्मुगम खाली मान घालून म्हणाला.

"डोळे आहेत ना? घाल."

तिथून ते माझ्याकडे आले. मी अगदी हळू, मराठीत म्हटलं, "सर, बसा ना. तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तेथे यंत्र थांबले आहे गे. ऊठ. पेन्सिल घे. तूं त्याचे तपास, तो तुझे तपासील. एकादशीस करितां तसे."

त्यानंतर जे झालं ते आम्ही ठरवून केलं नाही. कोणीतरी छापायला दिलं, कोणीतरी खणातून लाल पेन्सिली काढल्या. एकदा हात सुरू झाल्यावर ते थांबेनात. सार टेबलाटेबलामधून फिरत होते, एकाला रेघ दाखवत, दुसऱ्याला फाइल कशी करायची ते सांगत. थोड्या वेळाने सांगायचेही थांबले, कारण कोणी विचारत नव्हतं. चहाची वेळ टळून गेली तरी कोणी उठलं नाही. साडेचारच्या सुमारास शेवटचं ड्रॉइंग गेलं आणि टूलरूमचा फोन आला, मिळालं म्हणून.

मॅनेजर बाहेर आले. त्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं आणि ते मनापासून केलं. शण्मुगम छापलेल्या कागदांचा गठ्ठा उगाच टेबलावर आपटून सरळ करत बसला. आणि सार खिडकीशी उभे होते, चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नव्हतं एवढं समाधान. मला म्हणाले, "पाहिलेस? काढिल्यावर जागा दिसली नाही."

मला इतका संताप आला की त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालले नाही, बसने गेले. बसमध्ये मात्र रडू आलं. ते राहावेत म्हणून सगळं ऑफिस पणाला लागलं होतं, आणि त्यांनीच एकेकाला उभं करून आपली खुर्ची काढून घेतली होती. दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी त्यांना खोलीत बोलावलं. पाच मिनिटांत ते बाहेर आले आणि इडल्यांचा डबा उघडला.

निरोपाला शाल झाली, चंदनाचा हार झाला, आणि भिंतीवरचं मोठं घड्याळ झालं. ज्याने जन्मात भिंतीला खिळा मारला नाही त्याला भिंतीवरचं घड्याळ. ते त्यांनी कागदासकट काखेत धरलं. आवरायला टेबलावर काहीच नव्हतं. गजावरची पिशवी काढली आणि गेले. सोमवारी तिथे दुसरं कोणी बसलं. पुढे नवी आवृत्ती आली. भोकाचं माप राहिलं तर आता तीच स्वच्छ इंग्रजीत सांगते, आणि अजूनही शण्मुगम ती चौकट पाहून म्हणतो, भोकास वन्दुडुच्चु. नव्या आलेल्या मुली विचारतात हे काय, तर तो म्हणतो, डायमेन्शन घाल, जाईल.

काही महिन्यांनी मला पुण्यात नोकरी मिळाली. जाण्याआधी भेटावं म्हणून मी एका सकाळी लवकर आवडीला गेले. फोन केला नव्हता. दार पुतण्याच्या बायकोने उघडलं. ती कुंभकोणमची, तीही त्यांच्यातलीच. तिचे केस सुटलेले, स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास, आणि पायरीवर शाळेच्या गणवेशात एक मुलगी फुगून बसलेली, एक बूट घातलेला, एक हातात. हॉलमध्ये ते घड्याळ टांगलेलं होतं.

"मीच खिळा मारिला," ती म्हणाली. "नको नको करीत होते. मी ऐकिले नाही."

मी विचारलं, सर कुठे आहेत. तिने फ्रिजकडे बोट दाखवलं. दारावर चुंबकाने एक कागद लावलेला होता. त्यावर त्यांच्या अक्षरात, या वेळी देवनागरीत : आज एकादशी.

ऑफिस सुटल्यापासून हे सुरू केलं म्हणे. दर एकादशीला पहाटे उठून ते निघून जातात आणि स्टेशनवर बसून राहतात, संध्याकाळपर्यंत. पाणी भरायचं नाही, मोटर लावायची नाही, मुलीला पोचवायचं नाही. "आम्हांस सवय व्हावी म्हणून. कशाची सवय म्हणून विचारिले तर बोलत नाहीत," ती म्हणाली. मग पदराने कपाळ पुसून म्हणाली, "कळत नाही होय मला कशाची?"

तेवढ्यात तिने नळ सोडून दाखवला. नुसती सू-सू हवा. आवडीच्या त्या भागात सकाळी थोडा वेळ पाणी येतं, तेवढ्यात मोटर लावून वरची टाकी भरली तर भरली, नाही तर दिवसभर बोंब.

"मोटर कशी लावायची, मी लावू का?" मी विचारलं.

तिने डोळे वटारून माझ्याकडे पाहिलं. "मला लाविता येत नाही होय? अस्की येते मज. दूध येते, वेणी येते, शाळेची वाट येते. मी लावीतच नाही. एकादशीस या घरात काही होत नाही. टाकी भरलेली दिसली तर म्हणतील, जाहली यांची सवय. मग उद्याही तेथेच बसतील, परवाही. नवरा ओरडतो. ओरडू दे. संध्याकाळी येतात, रिकामी टाकी पाहून तणतणतात, बादल्या भरितात, आणि मग पोटभर जेवितात."

आम्ही एवढे शिकलेसवरलेले लोक, ठरवून एक दुपार हात बांधून बसू शकलो नव्हतो. ही बाई महिन्यातून दोनदा घर कोरडं ठेवत होती आणि कोणाला पत्ता नव्हता. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण ती लगेच मुलीवर ओरडायला वळली.

सर स्टेशनवर, फलाटाच्या शेवटच्या बाकावर होते. ताठ, हात मांडीवर, बाकाच्या लोखंडी हाताला पिवळी पिशवी. मला पाहून उभे राहिले. पुण्याच्या नोकरीचं सांगितलं, तर मान हलवली, चांगलं म्हणाले. मग दुसरीकडे पाहत विचारलं, "घरी जाऊन आलीस?"

"हो."

"टाकी भरिली होती?"

"नाही, सर. नळाला थेंब नाही. दूध करपलंय. मुलगी एक बूट घालून पायरीवर बसलीय, शाळेला उशीर झालाय."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्यांनी 'च्च' केलं. कपाळाला आठ्या पडल्या. "अजून? इतक्या एकादशा जाहल्या. ऑफिसातल्या मुलांस जमले, यांस जमत नाही?"

"नाही जमत म्हणतायत," मी म्हटलं. "तुम्ही नसलात की दिसतंच, सर."

त्यांनी मान वर करून फलाटावरचं घड्याळ पाहिलं. "नवास पाणी जाईल," ते म्हणाले, आणि चालायलाच लागले. जिन्याकडे, लोकांना बाजूला सारत, त्या वयाच्या माणसाने चालू नये इतक्या भराभर.

पिवळी पिशवी बाकाला तशीच राहिली होती. मी ती उचलली आणि हाक न मारता त्यांच्या मागून आवडीच्या घराकडे निघाले.